सूतभर खेळ

"काका, मधनं कापून दोन करा की. तिकडं गेल्यावर जोडून घेतील."

कुरिअरच्या काउंटरवरच्या पोरानं हे कुचेष्टेनं म्हटलं नव्हतं. उलट बिचारा माझे पैसे वाचवायला बघत होता. टेबलावर माझा खोका आडवा पडला होता, दोन्ही बाजूंनी वीतवीतभर बाहेर आलेला. पोरानं टेप लावला. दीडशे सेंटिमीटर लांब, पंधरा रुंद, पंधरा उंच. मोबाइलवर तिन्हींचा गुणाकार केला, पाच हजारानं भागलं आणि पडदा माझ्याकडं फिरवला : ६.७५. "पावणेसात येतंय, म्हणजे सात किलो धरायचं." काट्यावर तोच खोका दोन किलोसुद्धा भरला नव्हता. मी म्हटलं, अरे, हवेचे पैसे घेतोस होय? तर म्हणतो, "हवेलापण गाडीत जागा लागतेच की, काका." याला मला उत्तर सुचलं नाही. मग त्यानं खोक्यावर टिचकी मारून आत काय आहे विचारलं. मी गळाची काठी म्हणून सांगितलं, आणि तेव्हा तो सल्ला आला.

खोका काखेत मारून मी बेळगावातल्या शहापूरला घरी आलो. राग आला होता असं नाही. पण माशाचा बारीक काटा घशात अडकला की भाताचा घास गिळला, केळं खाल्लं तरी तो तिथंच आहे असं वाटत राहतं, तसं ते वाक्य दोन दिवस अडकून बसलं.

कारण काठी आधीच तीन तुकड्यांची आहे. बुंधा, मधला आणि शेंडा. प्रत्येक तुकडा चार फूट आठ इंच. जोडातली इंच-दोन इंच सोडली तर चौदा फूट भरते. बाबांनी ती स्वतः केलेली. ते उद्यमबागेतल्या कारखान्यात टर्नर होते आणि लेथवर पितळेचा गज लावला की त्यांच्या हातून काय काय बाहेर पडायचं याला हिशेब नव्हता : समईची मळसूत्रं, शेजारच्या काकूंच्या स्टोव्हची पिन, आणि सुट्टीच्या दिवसासाठी गळाच्या काठीचे जोड. एका टोकाला नर, दुसऱ्याला मादी. नर इतका गुळगुळीत की आत जाताना हवा हलकेच फुस्स करून बाहेर पडायची आणि ओढून काढताना बाटलीचं बूच निघावं तसा टप् असा आवाज व्हायचा. तो टप् आवाज ऐकू आला नाही तर जोड सैल झाला समजायचं. मादीच्या तोंडात घालायला त्यांनी सागवानी खुंट्या केल्या होत्या, दोऱ्यानं काठीलाच बांधलेल्या, म्हणजे हरवायची भीती नाही. नळी दाबली जाऊन तोंडाची गोलाई सुतभर जरी गेली तरी नर बसत नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा. बाबांच्या बोलण्यात मिलिमीटर कारखान्यात असायचा आणि सूत घरात.

काठी मेसीची. चंदगडाकडं, शिनोळीच्या पुढं आमचं आजोळ, तिथं बांधाबांधावर मेसीची बेटं आहेत. बांबू म्हटलं की पोकळ नळी डोळ्यांसमोर येते, पण मेस बुंध्याकडं जवळजवळ भरीव असते. वाकते, पण पिचत नाही. बाबा ती दिवाळीनंतर, अंधाऱ्या पक्षातच तोडायला लावायचे. रस भरलेली काठी गोड असते आणि भुंग्याला ते पहिलं कळतं, असं त्यांचं म्हणणं. मग मामा चार-सहा काठ्यांची मोळी बांधून एसटीच्या टपावर टाकायचा आणि मी बसस्टँडवर ती उतरवून घ्यायला जायचो. तेव्हा कायद्याच्या लेखी बांबू हे झाड होतं, एका राज्यातनं दुसऱ्या राज्यात न्यायचं तर वनखात्याचा पास लागायचा; जंगलाबाहेर वाढलेल्या बांबूपुरतं ते कलम २०१७ मध्ये निघालं. मामाला यातलं काहीच माहीत नसणार. त्याच्या दृष्टीनं तो बहिणीच्या घरी काठ्या धाडत होता. टपावर काठ्या, आत डब्यात खरवस. हद्द वगैरे मधे कुठंतरी लागत असेल.

तर ही काठी धाकट्याला पुण्याला पाठवायची होती. घराला रंग द्यायचा म्हणून माळा रिकामा केला, खालच्या सामानाचा फोटो मी घरच्या ग्रुपवर टाकला आणि पाच मिनिटांत त्याचा फोन. "दादा, ती कोपऱ्यात बाबांची काठी न्हवं? मला पाठव ना. पोराला दाखवतो." पाठव ना, म्हणजे काय ते मात्र त्याला कोण सांगणार? चौदा फुटांची मेस, वर चपड्याचं पॉलिश, स्टीलच्या तारेच्या बारीक कड्या, त्या रेशमी दोऱ्यानं आवळलेल्या. शेंड्याचं टोक तर उदबत्तीहून थोडंसं जाड.

लांब आणि नाजूक वस्तू कशी मोडते हे मी एकदा पैसे मोजून शिकलो आहे. पाच वर्षांमागं हौसेनं कार्बनची काठी मागवली होती, पाच भागांची, एकात एक बसणारी. आली ती पुठ्ठ्याच्या नळीतनं, आणि नळीला मधे एक खळगा. वरनं काही जड पडलं असणार. आतली काठी बघितली तर साफ, एक ओरखडा नाही. पहिल्याच रविवारी हिडकलच्या पाण्यावर तिनं कट् केलं. मासा पण मोठा नव्हता, पाव किलोची चिलापी. नंतर कळलं की कार्बनची नळी वाकायला कितीही तयार असते, पण तिची भिंत एवढीशी पातळ. आडवा दाब आला, टोकदार मार बसला की आतल्या आत थर सुटतात आणि वरनं काहीच दिसत नाही. नाणं घेऊन हळूहळू ठोकत गेलं तर चांगल्या जागी टण् वाजतं आणि दुखऱ्या जागी भद्द. माठ घेताना आई वाजवून घ्यायची तेच. विकणाऱ्यानं विचारलं, पार्सल उघडताना व्हिडिओ काढला होता का? मी म्हटलं, लग्नाचा काढला होता, याचा नाही. तिथं तो विषय संपला. (जाता जाता : कार्बनमधनं वीज वाहते. घटप्रभेच्या काठानं उसाच्या मोटारींच्या तारा लोंबत असतात, त्यांच्याखालनं असली काठी उभी धरून जाऊ नये. मेसीला ही भीती कमी, पण ओली असेल तर तिचाही भरवसा धरू नये.)

म्हणून बाबांच्या काठीला मी टीव्हीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून, दोन थर लावून, आत थर्माकोल भरून तो प्रचंड खोका केला होता. जेवढं जाड तेवढं सुरक्षित, असा माझा हिशेब. त्याचे पावणेसात किलो झाले.

दुसऱ्या दिवशी टपालाच्या खिडकीवर गेलो. तिथल्या बाई कन्नड बोलणाऱ्या. खोका बघून हसल्या, "एनैत्री इदराग?" यात काय आहे म्हणून. माझं कन्नड भाजीबाजारापुरतं. तरी जुळवलं, मीन हिडियो कोलु, मासे धरायची काठी. त्यांचा चेहरा उजळला : "गाळ एन्री?" मी गडबडलो. गाळ? यात कसला गाळ असणार, चांगली पुसून पॉलिश केलेली काठी आहे! मी मान हलवतोय आणि त्या बोट वाकडं करून ओढून दाखवताहेत. तेव्हा ट्यूब पेटली. आपला गळ म्हणजे त्यांचा गाळ. एवढ्याशा कान्यानं आम्ही दोघं एकमेकांना चिखलात ढकलत होतो. साठीला आलो या गावात आणि हा शब्द मला आजवर कुणी सांगितला नव्हता. कदाचित गळाला बसलेली माणसं बोलतच नाहीत म्हणून असेल. मलप्रभेच्या काठावर बाबांच्या शेजारी एक बैलहोंगलकडचे अण्णा बसायचे. अख्ख्या सकाळी दोघांत तीन शब्द व्हायचे, त्यातला एक "बिडी".

बाईंनी खोका परत माझ्याकडं सरकवला आणि अर्ध्या मराठीत म्हणाल्या, "एवढा मोठा कशाला, सर? पाइपमधी घाला. नकाशे येतात बघा, तसं."

शनिवार खुटाच्या हार्डवेअरच्या दुकानात पीव्हीसीचा पाइप मिळतो, न्हाणीघराच्या सांडपाण्याचा, पंच्याहत्तर मिलिमीटरचा. तीन मीटरचा नग. मधनं कापला की दीड-दीड मीटरचे दोन. दुकानदारानं करवत चालवली तेव्हा पांढरा भुसा चपलेवर पडला आणि मला त्या पोराचं वाक्य पुन्हा आठवलं. कापून दोन करा. हिशेब तिथंच केला, बिलाच्या मागं : दीडशे गुणिले आठ गुणिले आठ, भागिले पाच हजार. १.९२. म्हणजे दोन किलो. गोल नळीलाही ते चौकोनीच मोजतात, कोपऱ्यातली हवा धरूनच, पण निदान थर्माकोलचं भाडं वाचलं. पाइपावर माणूस उभा राहिला तरी तो दबत नाही. दोष एकच, तो घरंगळतो. म्हणून बाहेरनं दोन पट्ट्या बांधायच्या, म्हणजे टेबलावरनं, गाडीतनं, पट्ट्यावरनं तो पळत नाही. आणि मेस असेल तर टोपणाला एक बारीक भोक पाडायचं. लाकूड-बांबू हवाबंद कोंडला की आतल्या ओलीनं पॉलिशला फोड येतात. मी तुकडे आधी दोन दिवस सावलीत वाळवले. उन्हात नाही, उन्हात राळ पाघळून पितळेचा जोड सुटतो.

आता खरी गोष्ट, ती म्हणजे खेळ. लेथवरच्या माणसाला खेळ म्हणजे दोन भागांतली मोकळी जागा, जिच्यामुळं वस्तू हलते. "यात खेळ आहे" असं बाबा म्हणाले की काम नापास. पाइप कितीही मजबूत असू दे, आत काठी दोन बोटं जरी पुढंमागं सरकली तर प्रत्येक धक्क्याला तिचं पितळी डोकं टोपणावर हातोड्यासारखं आपटतं. तीनशे चाळीस किलोमीटर आपटत गेलं की एक तर टोपण उडतं नाही तर जोड. लांब वस्तू बहुतेक वेळा मधे मोडत नाहीत, टोकाला मोडतात. तेव्हा भर मधल्यापेक्षा दोन्ही टोकांना हवी, आणि पाइप बंद करून कानाशी धरून हलवला तर आवाज येता कामा नये. थर्माकोल यात कामाचा नाही, चुरतो आणि खेळ तयार होतो. मऊ आणि तरी घट्ट असं काय, शोधता शोधता माळ्यावरच्याच सामानात आईची वाकळ सापडली, उंदरानं एक कोपरा खाल्लेली. उरलेली मी कापली. हे लिहिताना सोपं वाटतं. कात्री लावली तेव्हा एकेक थर दिसत गेला : वर माझ्या शाळेच्या खाकी चड्डीचं कापड, खाली बाबांचं धोतर, मधे आईची निळी इरकल, विरलेली, पण काठ अजून लाल.

आईला हे पटलं असतं का, माहीत नाही. पण पाठवणीतलं तिला कळत होतं. धाकटा पुण्याला नोकरीला लागला तेव्हा ती त्याला मांडे धाडायची. बेळगावचे मांडे बघितलेल्या माणसाला मोडण्याची भीती काय असते हे सांगायला नको. रुमालासारखा पातळ, पिठीसाखर नि खसखस घालून घडी केलेला, बोट जोरात लागलं तरी चुरा. दुकानदार खोक्यात ते असे दाटून बसवतात की खोका उलटा केला तरी आतला मांडा हलत नाही. आई वर आणखी शहाणपण लढवायची : खोका कधीही डिकीत टाकायचा नाही, माणसाच्या मांडीवर द्यायचा. शहापुरातलं कोण पुण्याला जातंय याची तिला कुरिअर कंपनीपेक्षा पक्की खबर असायची. कुणाची मुलाखत, कुणाचं बाळंतपण, कुणाचा दवाखाना. सगळ्यांच्या मांडीवर आमचे मांडे. भाडं म्हणजे जाणाऱ्याला चार कुंद्याच्या वड्या. याहून स्वस्त आणि याहून सुरक्षित वाहतूक मी पाहिली नाही, फक्त तिला वेळापत्रक नसतं.

ट्रॅव्हल्सच्या गाडीचाही विचार केला होता. रात्री दिली की पहाटे पुण्यात. पण डिकीत आधी पिशव्या जातात, मग मोटारसायकल, मग वरनं कांद्याचं पोतं. क्लीनर म्हणाला, "टाका की, काय होत न्हाई." काय होत नाही म्हणणाऱ्याच्या हातात मोडणारी वस्तू द्यायची नाही, एवढं शहाणपण आता आलंय. एसटीनं पाठवावी तर आमच्याकडं तिसरीच भानगड. सीमेवर खुट्ट झालं की पहिल्यांदा बस थांबते. डिसेंबर २०२२ मध्ये थांबली, फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबली. तिकडची लालपरी निपाणीच्या अलीकडनं वळते, इकडची कागलच्या अलीकडनं, आणि मधल्या पट्ट्यात माणसं डोक्यावर बोचकी घेऊन चालत राहतात. टीव्हीवर काच फोडलेल्या गाड्या दाखवतात. त्यांच्या पोटात कुणाचं काय पार्सल होतं हे कोण दाखवणार.

आणि तरी, एवढं सगळं करून, मी पाइपात दोनच तुकडे घातले.

बुंधा आणि मधला. शेंडा वेगळा ठेवला. कारण अगदी शास्त्रोक्त होतं : जडाशेजारी नाजूक बांधू नये. बुंध्याच्या पितळेनं प्रवासात शेंड्याला कोपरखळ्या मारल्या असत्या. दुसरा अर्धा पाइप होताच, त्यात शेंडा स्वतंत्र जाईल, मागनं. असं मी बायकोला सांगितलं. तिनं काही विचारलं नव्हतं.

हा शेंडा दुसरा आहे. पहिला धाकट्यानं मोडला. बाबा सुट्टीच्या दिवशी पहाटेच्या मीटरगेजच्या गाडीनं खानापूरला जायचे, देसूर, इदलहोंड, मग खानापूर, तिथनं मलप्रभेच्या घाटावर. मी बहुतेक वेळा बरोबर. कणकेत शेंगदाण्याची पेंड मळून केलेल्या गोळ्या, रॉकेलच्या डब्यात गांडुळं, पाण्यावर उभा राहणारा मोरपिसाचा देठ, आणि तो देठ हलेपर्यंत गप्प बसणं. धाकट्याला ते जमायचं नाही म्हणून त्याला नेत नसत. एकदा रडून रडून आला. नऊ वर्षांचा असेल. परतीच्या गाडीत काठी धरायचा मान त्यानं हट्टानं घेतला आणि देसूरला कुणीतरी डब्याचं दार लोटलं. शेंडा फटीत होता. आवाज एवढासा झाला, वाळली चकली मोडल्यासारखा. धाकट्यानं उरलेला तुकडा पाठीमागं लपवला आणि बेळगाव येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिला. बाबांना कळलं होतं, मला कळलं होतं, आणि त्यालाही कळलं होतं की आम्हाला कळलंय. घरी आल्यावर बाबा एवढंच म्हणाले, "जाऊ दे, त्या शेंड्याला पेर जवळ होतं, कधीतरी गेलाच असता." ते खोटं होतं. मी ती काठी रोज पुसायचो, मला पेरं पाठ होती.

नवा शेंडा करायला चार संध्याकाळी गेल्या. चुलीच्या निखाऱ्यावर मेस फिरवत न्यायची, तेलाचा हात लावून, पाळण्यातल्या पोराला शेकावं तशी. एका क्षणी ती नरम येते, तो क्षण बाबा नाकानं ओळखायचे. गोडसर, भाजल्या मक्याच्या कणसासारखा वास सुटतो. लगेच गुडघ्यावर घेऊन वाक काढायचा आणि तिथंच ओलं फडकं. फडकं माझ्याकडं होतं. "हं," म्हटलं की लावायचं, त्याआधी नाही, नंतर नाही. चुर्र व्हायचं आणि वाफेनं माझी बोटं भाजायची. धाकटा उंबऱ्यात बसून बघत होता. त्याला कुणी आत बोलावलं नाही. मी तर नाहीच नाही.

हे मी त्या पोराला काउंटरवर कसं सांगणार होतो?

पहिला पाइप घेऊन पुन्हा त्याच्याकडं गेलो. त्यानं टेप लावला, मनाशी पुटपुटला, "दोनच किलो. बघा, झालं की न्हाई!" जणू त्याचीच कल्पना. मग पाइप उचलून दोन्ही हातांनी खुळखुळ्यासारखा हलवला, कानाशी नेला आणि माझ्याकडं संशयानं बघितलं. "काका, रिकामी पाइप पाठवताय काय?" इतकी चांगली शाबासकी मला नोकरीतसुद्धा मिळाली नव्हती.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी धाकट्याचा व्हिडिओ कॉल. पाइप डायनिंग टेबलावर, बाजूला त्याचा पोरगा, हातात सुरी. टोपण निघालं. आधी बाहेर आलं ते वाकळीचं बोळं. धाकट्यानं ते बाजूला ठेवलं, मग पुन्हा उचललं, उलगडलं. "दादा, ही इरकल आईची?" मी हो म्हटलं. त्यानं ते तोंडाजवळ नेलं. पलीकडं काही वेळ कॅमेऱ्यात नुसता पंखा दिसत होता. बुंधा आणि मधला धड होते, एक ओरखडा नाही. पोरानं जोड बसवला आणि ओढला, टप्. माझ्या कानाला तो फोनमधनं आला तरी ओळखू आला. मग पोरगाच म्हणाला, "बाबा, पण याला पुढचं कुठंय?"

"येतंय मागनं," मी म्हटलं. "ते नाजूक आहे. नीट पाठवायला पाहिजे."

पुण्याच्या नद्यांत आता गळ कुठं टाकणार, हा प्रश्न आहेच. ज्या खडस माशासाठी बाबा जन्मभर झुरले आणि जो त्यांच्या गळाला एकदाही लागला नाही, त्याची शास्त्रीय नोंद साइक्स नावाच्या साहेबानं १८३९ साली केली, ती पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरनं. त्या नदीची आजची तऱ्हा सगळ्यांनी बघितलीय. खडस उरला तो लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या वीज कंपनीनं १९७० च्या दशकापासनं त्याची पिल्लं वाढवून तळ्यांत, नद्यांत सोडली म्हणूनही. ती पिल्लं ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतनं प्रवास करतात. बोटभर जिवंत मासा धड पोहोचवता येतो म्हणजे मेसीचा शेंडा काय. धाकट्यानं मला हेच ऐकवलं, दुसऱ्यांदा फोन आला तेव्हा. तिसऱ्यांदा म्हणाला, "बस बंद आहेत म्हणालास, त्या सुरू झाल्यात की." चौथ्यांदा त्यानं शेंड्याचं नाव काढलं नाही, नुसतं विचारलं, तुझे गुडघे कसे आहेत. ते जास्त लागलं.

मग परवा शेंडा बांधला. दुसरा पाइप, पांढरा, कापल्या कडेला कानशीनं घासलेला. शेंड्याला मलमलीची पिशवी, दोन्ही टोकांना उरलेली वाकळ, या वेळी खाकी चड्डीची बाजू. टोपणाला भोक. हलवून बघितला, आवाज नाही. पुन्हा हलवला. आत शेंडा आहे की नाही असं मलाच वाटायला लागलं म्हणून टोपण काढून बोट घालून बघितलं. होता.

काउंटरवर तोच पोरगा. त्यानं पाइप ओळखला, हसला, टेप न लावताच दोन किलोची पावती लिहायला घेतली. पेन थांबवून सवयीनं पाइप कानाशी धरून हलवला.

"ही पण रिकामीच काय, काका?"

"हो," मी म्हणालो, आणि त्याच्या हातातनं पाइप काढून घेतला.

तो काहीतरी म्हणत होता, मी पायऱ्या उतरलो होतो. टिळकवाडीच्या रेल्वे गेटात गाड्या खोळंबल्या होत्या. स्कूटरवर एक हात, काखेत पाइप, असा मी रांगेत उभा राहिलो. शेजारच्या रिक्षावाल्यानं पाइपाकडं बघून विचारलं, नळाचं काम काढलंय काय घरात? मी मान हलवली. लांबून भोंगा ऐकू आला. मिरजेकडं जाणारी गाडी होती.